हाताने विणलेला इराणी गालिचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गालिचा आणि सतरंजी यांत नेमका फरक काय?

सतरंजीत दोनच धागे असतात, उभा ताणा आणि आडवा बाणा. गालिच्यात तिसरा येतो. ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकरीची गाठ मारायची, टोके पुढे सोडायची, रांग पूर्ण झाली की बाणा घालून ती ठोकून बसवायची आणि पुन्हा नवी रांग धरायची. पुढे सोडलेल्या टोकांची जी दाट लव तयार होते तिच्यावर आपला पाय पडतो. नक्षीही लवेतच असते, ताणा-बाणा समोरून दिसत नाहीत. ताणा डोळ्यांना दिसतो तो फक्त दोन टोकांना, झालर म्हणून.

इराणात सतरंजीच्या जातीचे, बिनलवेचे विणकामही मोठ्या प्रमाणावर होते. त्याला किलीम म्हणतात. या पानावर मात्र गाठीच्या गालिच्याबद्दलच बोलू.

कामाची सुरुवात मागावर होते ना?

मागावर काम पोचेपर्यंत निम्मी गुणवत्ता ठरून गेलेली असते. सुरुवात मेंढीपासून होते. वसंतात कातरलेली लोकर चांगली मानतात, आणि त्यातही लहान मेंढीच्या मानेची-खांद्याची मऊ लोकर सर्वांत वरची. तिला तिकडे कोर्क म्हणतात. डोंगराळ, थंड भागातल्या मेंढ्यांची लोकर लांब तंतूंची आणि अंगची तुकतुकी असलेली असते. ही तुकतुकी लोकरीतल्या नैसर्गिक स्निग्धांशाची असते. धुताना तो पार काढून टाकला तर लोकर कोरडी पडते, आणि तिचा गालिचा काही वर्षांतच झडू लागतो. मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून रसायनाने सोडवलेली लोकरही बाजारात असते. ती स्वस्त पडते, पण रंग नीट धरत नाही आणि हाताला खरखरीत लागते.

धुतलेली लोकर पिंजायची आणि मग कातायची. फार्स प्रांतातल्या भटक्या जमातींमध्ये लोकर कातरण्याचे काम पुरुषांचे आणि सूत कातायचे बायकांचे, अशी जुनी वाटणी आहे. हाताने कातलेला धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो, त्यामुळे तो रंगही कमी-जास्त पितो. तयार गालिच्याच्या रंगात जी जिवंत थरथर दिसते ती बरीचशी इथून येते.

गिऱ्हाईक दुकानात गाठी विचारतो. जाणकार आधी लव बोटांनी चोळून बघतो.

ताणाही लोकरीचाच असतो का?

भटक्यांच्या गालिच्यात असतो. शहरी गालिच्यात बहुतेक सुती असतो, कारण सूत ताण सहन करते आणि गालिचा जमिनीवर सपाट बसतो. इस्फहान आणि कोमच्या बारीक कामात ताणा रेशमी असतो.

रंग खरोखर झाडपाल्याचे असतात?

पूर्वी सगळे तसेच होते, आता काही गालिच्यांचे असतात. तांबडा मंजिष्ठेच्या मुळांचा, निळा निळीचा, पिवळा एस्पारक नावाच्या रोपाचा किंवा द्राक्षाच्या पानांचा, तपकिरी अक्रोडाच्या हिरव्या टरफलाचा आणि डाळिंबाच्या सालीचा. रंग लोकरीवर पक्का बसावा म्हणून लडी आधी तुरटीच्या पाण्यात उकळतात. हिरवा देणारी एकच चांगली वनस्पती नाही. लोकर आधी निळीत बुडवायची आणि मग पिवळ्यात, तेव्हा तो मिळतो. म्हणून जुन्या गालिच्यातल्या हिरव्या पानांचा पिवळा उडून गेला की पाने निळी दिसू लागतात.

निळीचा हौद बघण्यासारखा असतो. पाण्यावर तांबूस-निळा, धातूसारखा चमकणारा तवंग असतो आणि त्याखाली द्रव चक्क पिवळट-हिरवा. लडी आत सोडली, हलक्या हाताने फिरवली आणि बाहेर काढली की तीही पिवळट-हिरवीच दिसते. नवखा माणूस म्हणेल, काम फसले. पण हवा लागताच काठाकाठाने निळाई चढू लागते आणि काही मिनिटांत अख्खी लडी निळी होते. गडद निळा हवा असेल तर हीच बुडी पुन्हा पुन्हा द्यायची. मंजिष्ठेचे तंत्र उलटे आहे. तिथे आच जास्त झाली की लाल मारला जाऊन तपकिरीकडे झुकतो, म्हणून रंगारी आच सांभाळत बसतो.

काळ्याची गोष्ट वेगळी. लोखंडाचा अंश वापरून केलेला काळा आणि गडद तपकिरी रंग लोकर हळूहळू खातो. शंभर वर्षांच्या गालिच्यावरून हात फिरवा, काळ्या रेघांच्या जागी लव खाली गेलेली आणि बाजूची लाल-निळी फुले उठून आलेली लागतील. तो झिजेचा दोष नाही, रसायनाचा आहे.

१९ व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून अनिलीन नावाचे स्वस्त कृत्रिम रंग आले आणि इराणी रंगाऱ्यांचे कंबरडे मोडले. ते रंग उन्हात विटत आणि पाण्यात फुटत. मालाची पत जाते हे पाहून कजार राजवटीने त्यांच्यावर बंदी घातली, पण ती पुरती पाळली गेली नाही. पुढे आलेले, तुरटीऐवजी क्रोमच्या क्षारावर बसवलेले कृत्रिम रंग मात्र पक्के असतात. ‘कृत्रिम रंग म्हणजे टाकाऊ गालिचा’ हे समीकरण आता खरे नाही. विटणारा रंग वाईट, एवढेच खरे.

माझ्या गालिच्याच्या निळ्यात मधेच एक फिका पट्टा आहे. माल खराब आहे का?

नाही. एक लडी संपली, पुढची दुसऱ्या हौदातली लागली. त्याला अब्राश म्हणतात. भटक्यांच्या आणि खेड्यातल्या गालिच्यांत तो असायचाच, आणि अनेकांना तो हवाच असतो. गंमत अशी की आता यंत्रावरही मुद्दाम अब्राश पाडतात.

नक्षी विणणाऱ्याच्या डोक्यात असते की कागदावर?

दोन्ही पद्धती आहेत, आणि इराणी गालिच्याच्या दोन दुनिया इथेच वेगळ्या होतात.

काशघाई, बख्तियारी, तुर्कमेन अशा जमातींच्या बायका कागद समोर ठेवत नाहीत. आई-आजीच्या हाताखाली बघून शिकलेल्या आकृत्या त्या मनातून उतरवतात. रेषा सरळ आणि कोनदार असतात. विणता विणता सुचले तर मधेच एखादी बकरी, कोंबडा नाहीतर माणूस येऊन बसतो. अशा बाईच्या हातून तंतोतंत सारखे दोन गालिचे होत नाहीत.

शहरात आधी नक्काश लागतो. तो आलेख कागदावर नक्षी काढतो आणि तिथे एक चौकोन म्हणजे एक गाठ असते. मधले मोठे पदक तुरंज, कोपऱ्यांतले त्याचे चतुर्थांश लचक, भोवतीची किनार हाशिया. नक्षी चारी बाजूंनी सारखी असेल तर पाव भागच काढला तरी पुरतो, बाकीचा विणणाऱ्याने उलटा-सुलटा वाचायचा. कागद पट्ट्यांत कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून मागावर डोळ्यांसमोर टांगतात. काही कारखान्यांत एक जण नक्षी मोठ्याने वाचून दाखवी, या रंगाच्या इतक्या गाठी, पुढे त्या रंगाच्या इतक्या, आणि बाकीचे त्याच्या लयीवर हात चालवत. काश्मिरात ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीतून जे होते ते याच घराण्यातले.

आपल्या पैठणीवर आणि शालीवर असते ती कोयरी या गालिच्यांवरही भेटते. तिकडे तिचे नाव बोते.

मागाचे प्रकार किती?

कामापुरते दोन लक्षात ठेवा. भटक्यांचा माग जमिनीवर आडवा, चार खुंट्यांना बांधलेला. तळ हलवायचा झाला की खुंट्या उपटून, अर्धा विणलेला गालिचा गुंडाळून जनावरावर टाकायचा. पुन्हा खुंट्या ठोकताना ताण थोडा बदलतो, म्हणून त्यांचे गालिचे कधी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद होतात. गावा-शहरातला माग उभा असतो आणि विणकर त्याच्यासमोर फळीवर बसतात. साध्या उभ्या मागावर काम वर चढेल तशी फळी वर चढवतात. तब्रीझी मागावर विणलेला भाग खालून मागे सरकवतात, माणूस जागेवरच राहतो.

ताणा लावणे हे स्वतंत्र कसब आहे. २ मीटर रुंदीच्या बारीक गालिच्याला पावणेतीन-तीन हजार उभे धागे लागतात. ते सगळे सारख्या ताणाचे हवेत. इथे हात चुकला तर वर्षभर विणून झालेला गालिचा जमिनीवर टाकल्यावर एका कोपऱ्यात फुगतो आणि तो फुगा जन्मभर जात नाही.

गाठ कशी मारतात ते नीट सांगाल का?

सुरुवातीला तळाशी काही सेंटीमीटर साधी पट्टी विणतात, म्हणजे गाठी खाली ओघळत नाहीत. मग पहिली रांग.

विणकराच्या डोक्यावर रंगीत गुंड्या टांगलेल्या असतात. ती हव्या रंगाचा धागा डाव्या हाताने ओढून घेते, उजव्या हाताने ताण्याची एक जोडी पुढे खेचते, लोकर जोडीतल्या एका धाग्याभोवती पूर्ण गुंडाळून दुसऱ्याच्या मागून काढते, दोन्ही टोके खाली ओढून गाठ बसवते आणि सुरीने धागा तोडते. वाचायला जेवढा वेळ लागला त्याच्या पाव वेळात हे उरकते, तयार हाताला एका गाठीला तीन सेकंद पुरतात. तब्रीझकडे सुरीच्या टोकाला आकडा असतो. तो मधून घालून धागा ओढतात, त्यामुळे वेग आणखी वाढतो. लांबून ऐकू येतो तो फक्त सुरीचा ‘टक टक टक’.

रांग पूर्ण झाली की बाणा. बहुतेक शहरी गालिच्यांत तो दोनदा घालतात, एक जाड आणि ताठ, दुसरा बारीक आणि सैल. ताठ बाण्यामुळे ताण्याचे एकाआड एक धागे मागे ढकलले जातात, गाठी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि अंग भरीव होते. मग जड दातेरी फणीने, म्हणजे दफ्तीनने, रांग ठोकायची. बिजारमध्ये बाणा ओला करून असा ठोकतात की तो गालिचा फळकुटासारखा ताठ होतो. त्याची घडी घालायची नसते, नुसती गुंडाळी करायची. शेवटी लांब टोके कात्रीने छाटली की पुढची रांग.

तुर्की गाठ आणि फारसी गाठ म्हणजे काय?

वर सांगितलेली फारसी. ती असममित असते, धागा एका उभ्या धाग्याला पूर्ण वेढतो आणि दुसऱ्याच्या नुसता मागून जातो. तुर्की गाठीत तो दोघांनाही वेढून दोघांच्या मधून बाहेर येतो. फारसी गाठीने बारीक वळणे, वेली, पाकळ्या सुरेख उतरतात. तुर्की गाठ घट्ट आणि सममित. नावांवर जाऊ नका. तब्रीझ, हेरीझ, बिजार इथे इराणातच तुर्की गाठ चालते. फारसी गाठीला व्यापारात ‘सेन्ने’ म्हणतात, आणि ज्या सेन्ने गावावरून, म्हणजे आजच्या सनंदजवरून, ते नाव पडले तिथले विणकर तुर्की गाठच मारतात.

एक तिसरीही आहे, जुफ्ती. दोनाऐवजी चार धाग्यांवर एकच गाठ. काम निम्म्यात उरकते आणि लवही निम्मी पडते. नक्षी समोरून बरी दिसते, त्यामुळे फसायला होते.

जितक्या गाठी जास्त तितका गालिचा चांगला ना?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि उत्तर ‘नाही’ असे आहे.

गाठी मोजण्याचे तब्रीझी माप म्हणजे ‘रज’. सुमारे ७ सेंटीमीटर रुंदीत किती गाठी बसल्या, तो आकडा. ५० रज म्हणजे चौरस मीटरला ५ लाखांच्या वर गाठी. हे उत्तम शहरी काम झाले. नाईनमध्ये वेगळा हिशेब चालतो, तिथे ताण्याचा धागा किती पदरी यावरून ‘नऊ ला’, ‘सहा ला’, ‘चार ला’ म्हणतात आणि आकडा जितका लहान तितके काम बारीक.

आता हेरीझ घ्या. तिथली वीण जाड, नक्षी मोठी आणि कोनदार. रजच्या हिशेबात तो मागे पडतो. पण लोकर अशी कणखर की शंभर वर्षे पायाखाली राहून अजून विकला जातो. नाजूक वेलबुट्टीला बारीक गाठ हवी, ठसठशीत भूमितीला नको. गाठींचा आकडा फक्त एकाच गावच्या, एकाच जातीच्या दोन गालिच्यांची तुलना करताना कामाचा. हलक्या लोकरीवर मारलेल्या १० लाख गाठी म्हणजे वाया गेलेली मेहनत. आकडा कागदावर छापता येतो, लोकरीचा पोत छापता येत नाही, म्हणून विक्रेते आकडा सांगतात.

एक गालिचा व्हायला किती दिवस लागतात?

हिशेब करू. २ बाय ३ मीटर, ५० रज. एका रांगेत सुमारे १,४०० गाठी आणि एकूण ३० लाखांच्या आसपास. चांगला हात दिवसाला १० हजार गाठी मारतो, म्हणजे ७ रांगा. ७ रांगा म्हणजे जेमतेम १ सेंटीमीटर. सबंध दिवस बसून गालिचा एका बोटाच्या रुंदीइतकाही वर सरकत नाही. एकटीने विणला तर ३०० दिवस निव्वळ विणकामाचे, त्यात सण, आजारपण, शेती, मुलेबाळे धरलेली नाहीत. दोघी बसल्या तर निम्मे. लोकर, रंग, नक्षी आणि ताणा यांचा वेळ वेगळा.

हे काम कोण करतं? आणि नाव कोणाचं लागतं?

बहुतेक ठिकाणी बाया. युनेस्कोने २०१० साली फार्स आणि काशान या दोन परंपरांची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. तेव्हाच्या नोंदीनुसार काशानमध्ये दर तीन रहिवाशांमागे जवळजवळ एक जण गालिच्याच्या कामात होता आणि त्यांत दोन-तृतीयांशांहून अधिक स्त्रिया होत्या. नक्काश, रंगारी, कारखानदार, व्यापारी ही मंडळी मुख्यतः पुरुष.

काही गालिच्यांच्या टोकाला विणलेली सही दिसते. इस्फहानचे सेराफियान, नाईनचे हबीबियान, तब्रीझचे हाजी जलीली ही बाजारात मान असलेली नावे. पण ती कारखानदाराची किंवा उस्तादाची नावे आहेत. ज्यांनी ३० लाख गाठी मारल्या त्यांचे नाव कुठे नसते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या जगप्रसिद्ध अर्दबील गालिच्यावर फारसी कवी हाफिजच्या ओळींखाली ‘मकसूद काशानी’ आणि हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४०, असे विणलेले आहे. तो गालिचा साडेदहा मीटर लांब आणि ५ मीटरहून रुंद, अडीच कोटींहून अधिक गाठींचा. एकट्या मकसूदने त्या मारणे शक्यच नाही. तो बहुधा काम उभे करणारा होता.

मजुरी पूर्वीपासूनच थोडी. तासन्‌तास पाठ वाकवून, कमी उजेडात बसल्याने कंबर आणि डोळे जातात. पूर्वी लहान मुलेही या मागांवर बसवली जात. ‘नाजूक बोटांनीच बारीक गाठ बसते’ ही समजूत मुलांना राबवणाऱ्यांच्या सोयीची होती. सर्वांत बारीक गालिचे मुरलेल्या हातांचेच असतात.

मागावरून उतरला की गालिचा तयार?

अजून नाही. कापून उतरवलेला गालिचा केसाळ आणि मळकट दिसतो, नक्षी धूसर. लव एकसारखी कातरणारा कारागीर वेगळा असतो आणि तो एका दिवसात वर्षाची मेहनत बिघडवू शकतो. पाठीवरचे सुटे तंतू ज्योत झरझर फिरवून जाळून टाकतात. मग भरपूर पाण्याने धुणे, लाकडी फावड्याने पाणी निपटून काढणे आणि उन्हात वाळवणे. वाकडा झाला असेल तर चौकटीवर ताणून सरळ करतात. शेवटी झालर बांधली की झाले.

कारागीर मुद्दाम एक चूक ठेवतात म्हणे, कारण परिपूर्ण फक्त ईश्वर?

गोष्ट गोड आहे आणि दुकानदारांना फार उपयोगी पडते. लाखो गाठींत चुका आपोआप होतात, मुद्दाम कराव्या लागत नाहीत. अर्दबील गालिच्यावर मधल्या पदकाच्या दोन बाजूंना दोन दिवे टांगलेले विणले आहेत, एक लहान आणि एक मोठा. कोणी म्हणते मुद्दाम ठेवलेली उणीव, कोणी म्हणते लहान दिव्याच्या टोकाकडून बघितले की दोन्ही सारखे दिसावेत म्हणून. सिद्ध काहीच झालेले नाही.

ही कला किती जुनी?

सायबेरियाच्या आल्ताय पर्वतात, पाझिरिक इथल्या एका थडग्यात बर्फात गोठून टिकलेला गालिचा १९४९ साली सापडला. तो इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या शतकातला मानतात आणि आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. तो इराणात विणला की मध्य आशियात, यावर वाद आहे. पण त्याची वीण इतकी सफाईदार आहे की ही कला तेव्हाही नवी नव्हती हे उघड दिसते. इराणात तिला दरबारी वैभव आले ते सफावी काळात, १६ व्या-१७ व्या शतकात. शाह तहमास्प आणि शाह अब्बास यांनी राजाश्रयाचे कारखाने चालवले. १७२२ साली अफगाणांनी इस्फहान जिंकले आणि तो डौल संपला. खेड्यांत आणि तांड्यांत विणकाम चालूच राहिले. आज आपण ज्याला इराणी गालिचा म्हणतो तो धंदा १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात, युरोप-अमेरिकेच्या मागणीवर पुन्हा उभा राहिला.

खरा हातविणीचा ओळखायचा कसा?

उलटा करा. मागच्या बाजूला नक्षी समोरच्याइतकीच स्पष्ट दिसली पाहिजे, आणि गाठींच्या रांगांत थोडी वाकडी-तिकडी माणुसकी. रांगा पट्टीने आखल्यासारख्या सरळ असतील तर यंत्र. मागे कापड किंवा डिंक लावलेला असेल तर तो टफ्टिंग बंदुकीने लव टोचून केलेला माल आहे. तो हातानेच करतात, पण त्यात गाठ नसते. झालर हाताने हलकेच ओढून बघा, ती अंगातून निघाली आहे की काठाला शिवली आहे ते कळते. लव दोन्ही अंगठ्यांनी फाकवा, मुळाशी गाठ दिसायला हवी, आणि रंग मुळापासून टोकापर्यंत सारखा. टोके फिकी आणि मूळ गडद असेल तर रंग उन्हाने उडाला, किंवा ‘जुना’ दिसावा म्हणून उडवला. ओला पांढरा रुमाल चोळून रंग लागतो का तेही बघा.

लेबलवरच्या गावावर भिस्त ठेवू नका. काशानच्या परिसरात यंत्रावरच्या गालिच्यांचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे ‘काशानचा’ हे खरे असूनही तो यंत्राचा असू शकतो. विक्रेता ७०० किंवा १२०० ‘शाने’ सांगू लागला तर ते यंत्राच्या विणीचे माप आहे.

मुंबई-पुण्यात ‘पर्शियन’ म्हणून मिळतात ते इराणचे असतात का?

बरेचसे काश्मीरचे किंवा उत्तर प्रदेशातल्या भदोहीचे असतात. नक्षीचे नाव काशान, तब्रीझ, कोम असे असते आणि विणलेला श्रीनगरला असतो. यात कमीपणा काही नाही, काश्मिरी रेशमी गालिचा उत्तम असतो. इराणचा म्हणून इराणच्या भावात घेऊ नका, इतकेच. काश्मिरी गालिच्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याचे लेबल मागा. आणि रेशीम म्हणून व्हिस्कोस विकण्याचा धंदा जोरात आहे. निघालेला एखादा तंतू जाळून बघितला की खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो, व्हिस्कोसला कागद जळल्याचा.

महाराष्ट्रात असे गालिचे कधी विणले गेले का?

हो, तुरुंगात. इंग्रजी अमलात पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांकडून गाठीचे गालिचे विणून घेत, आणि नमुन्यासाठी विजापूरच्या आसार महालातले जुने गालिचे वापरले गेले. कारागिरीचे कौतुक झाले, कारागीर कैदी होते याची चर्चा कमी.

इराणला न जाता मोठे काम कुठे बघता येईल?

आखातात नातेवाईक असतील तर सोपे आहे. मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीतला गालिचा ४ हजार चौरस मीटरहून मोठा आणि २१ टनांचा, इराणमधल्या खोरासानच्या विणकरांनी ४ वर्षांत केलेला. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीतला त्याहून मोठा, ५,६०० चौरस मीटरच्या वर. नक्षी अली खालिकी यांची, विणकर सुमारे १,२००. इतका मोठा माग नसतो, त्यामुळे तुकड्यांत विणून जागेवर सांधला. सांधा शोधायचा प्रयत्न करा. सापडणे अवघड आहे.

हा धंदा टिकेल का?

१९९० च्या दशकात इराणची गालिच्यांची निर्यात वर्षाला २ अब्ज डॉलरपर्यंत गेली होती. गेल्या काही वर्षांत ती १० कोटींच्याही खाली आली. अमेरिका मोठे गिऱ्हाईक होते. तिथली आयातबंदी २०१६ साली उठली आणि २०१८ साली पुन्हा लागली. पण सगळा दोष निर्बंधांवर टाकणे मला पटत नाही. शिकलेली मुलगी आईसारखी फळीवर बसायला तयार नाही, आणि त्या मजुरीत तिने बसावे तरी का? याच काळात, २०१३ साली, १७ व्या शतकातला एक केरमानी गालिचा न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ३० लाख डॉलरच्या वर गेला. त्यातला एक पैसा कुठल्या मागापर्यंत पोचत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात तो जपायचा कसा?

कोकण-मुंबईच्या दमट हवेत गालिच्याचे दोन शत्रू, बुरशी आणि कसर. कसर उजेड आणि वर्दळीपासून लांब राहते, म्हणून सोफ्याखालचा, कपाटामागचा भाग आधी खाल्ला जातो. महिन्यातून एकदा तो कोपरा उलटून झटका. पाणी सांडले तर आधी टिपून घ्या, चोळू नका, आणि पंख्याखाली दोन्ही बाजूंनी वाळवा. ताणा बहुधा सुती असतो, तो ओला राहिला की कुजतो, आणि ते वरून कळतच नाही. एके दिवशी वाकवला की ‘कट्’ असा आवाज येतो. व्हॅक्यूम लवेच्या दिशेने फिरवा, झालरीवरून नको. जूनमध्ये प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकू नका. त्यापेक्षा वापरात राहिलेला बरा, आणि ठेवायचाच झाला तर सुती चादरीत गुंडाळून, लव आतल्या बाजूला ठेवून.

फाटला किंवा कसर लागली तर?

दुरुस्त होतो. चांगला रफूगार ताणा-बाणा नव्याने भरून, जुळत्या रंगाच्या लोकरीने एक एक गाठ पुन्हा मारतो. इराणातल्या अर्दबीलच्या दर्ग्यात गालिच्यांची जोडी होती. लंडनमधला पूर्ण दिसावा म्हणून १९ व्या शतकात दुसऱ्याचे तुकडे कापून त्याला लावले, आणि उरलेला, किनार गमावलेला जोडीदार आता लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. घरच्या गालिच्याला इतके लागत नाही. भोक रुपयाएवढे असतानाच दाखवा, आणि रफूगाराला आधी विचारा की तो गाठ मारणार आहे की नुसता तुकडा चिकटवणार.